अहोकाकांचा उरलेला शब्द

अहोकाकांचं खरं नाव दुकानात कुणाला आठवत नसे, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नसे. चपला-बुटांच्या त्या दुकानात त्यांनी उभा जन्म काढला. उभा म्हणजे बसूनच, गिऱ्हाइकाच्या पायाशी, तिरका आरसा लावलेल्या बुटक्या स्टुलावर. जो येईल त्याला 'अहो'. म्हाताऱ्याला अहो, कॉलेजच्या पोराला अहो, आयुष्यातला पहिला बूट घ्यायला आईच्या कडेवरून आलेल्या कार्टीलासुद्धा 'अहो, पाय पुढे करता का जरा?' दुकानातल्या मांजरीला ते 'अहो, बाजूला व्हा' म्हणत, आणि ती होतही असे. बायको नवऱ्याला अहो म्हणते हे ठीक. पण इथे नवराही बायकोला अहोच म्हणायचा. लोक हसायचे. घरात त्यावरून कधी गोंधळ झाला नाही, कारण स्वतःला कुणी हाक मारत नाही.

आता नुसतं अहो-जाहो करायला काय, पोपटालाही शिकवता येतं. अहोकाकांचं तसं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसला की ते पटकन खोक्याचं झाकण असं आडवं धरायचे की शेजारच्या बाकावरच्या माणसाला काही दिसू नये. एखाद्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असायचा, आणि तो बिचारा लाजायचा. त्याला हे सांगायचे, "काय करणार, कंपनीने एक बूट लहान पाठवलाय. थांबा, मी जोडी बदलतो." दहा जोड काढायला लावून रिकाम्या हाताने जाणाऱ्यालाही ते दारापर्यंत पोचवायचे.

दुकानाचे मालक मात्र वेगळ्या मातीचे होते. सातच्या खोक्यात आठचा बूट निघाला की ते खोकं उचलून काकांच्या अंगावर भिरकावायचे आणि गिऱ्हाइकासमोर ओरडायचे, "हरामखोर!" काका खाली वाकून बूट गोळा करायचे आणि म्हणायचे, "हो मालक, बदलतो." घरी येऊन कधी एक अक्षर बोलले नाहीत. काकूंना ते कळलं फार उशिरा, तेही तिऱ्हाइताकडून. मला विचाराल तर एकदा तरी उलटून बोलायला हवं होतं या माणसाने. पण तो त्यांचा पिंडच नव्हता.

निवृत्त झाल्यावर वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला, पाठोपाठ तेही खाली आले. मेंदूतली रक्ताची वाट बुजली होती. जीव वाचला, उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. म्हणजे सगळी गेली असती तर बरं झालं असतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी वाकून विचारलं, "काका, नाव सांगा बघू." काकांनी नम्रपणे डॉक्टरांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "हरामखोर."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. काकूंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सगळ्यात जास्त हादरले ते स्वतः काका. त्यांनी चूक सुधारायला पुन्हा तोंड उघडलं, 'माफ करा डॉक्टर' असं मनात नीट जुळवलं, आणि पुन्हा तेच बाहेर आलं. मग त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

बोलण्याचा सराव घ्यायला एक बाई येऊ लागल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की आपण जुळवून बोलतो ते शब्द मेंदूत एकीकडे असतात आणि तोंडून आपसूक निसटणारे, शिव्यांसारखे, दुसरीकडे. कधीकधी पहिलं कोठार जळतं आणि दुसऱ्यातलं एखादं पोतं शिल्लक राहतं. "त्यांना सगळं कळतंय बरं का," त्या म्हणाल्या. "म्हणायचं असतं एक, बाहेर येतं ते." पुढे आणखी काही शब्द येतील का, असं काकूंनी विचारलं. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी खोटी आशा दाखवली नाही.

काकांना तो शब्द कुणाचा ते ओळखू आलं होतं. चाळीस वर्षं रोज हजारो गोड शब्द बोलले, त्यातला एकही वेळेला उभा राहिला नाही. राहिला तो मालकांचा. संताप येण्यासारखीच गोष्ट आहे ही, आणि काकांना तो येतही असे, पण तो व्यक्त करायलाही त्यांच्याकडे तोच एक शब्द होता.

घरी आणल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. काकूंची कंबर आधीच कामातून गेलेली. काकांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, खुर्चीत बसवायचं, हे त्यांच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. त्याने मदतनीस पुरवणाऱ्या एका ठिकाणाहून बाई लावल्या. पहिल्या बाईंना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी चहा पुढे केला, काकांनी आभार मानले, आणि त्या भरला कप ठेवून निघून गेल्या. दुसऱ्या बाईंना मुलाने फोनवर सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिव्याच खायच्या तर घरच्या काय थोड्या आहेत?" आणि आल्याच नाहीत.

"आई, आता ही तिसरी शेवटची," मुलगा म्हणाला. "ही टिकली नाही तर बाबांना संस्थेत ठेवू. चांगली संस्था आहे, मी बघून आलोय. तू एकटी मरशील अशाने."

मुलगा वाईट नव्हता. आईची कंबर, बापाचं अंग आणि स्वतःची नोकरी, तिन्ही ओढून ताणून जमवता जमवता त्याच्या नाकी नऊ आले होते. त्या दिवशी शेजारच्या खोलीत पडल्या पडल्या काकांनी सगळं ऐकलं. काकूंचं उत्तर त्यांना ऐकू आलं नाही. नंतर त्या आत आल्या, त्यांची चादर नीट केली, आणि नीटच असलेली चादर पुन्हा नीट केली.

तिसऱ्या ताई आल्या तेव्हा काकू दाराशीच म्हणाल्या, "यांना बोलता येत नाही हो. मुळीच येत नाही."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि काकूंचं तर दोनदा पोळलं होतं. न सांगून एक गेली, सांगून दुसरी आली नाही. मग तिसरा मार्ग काढला, खोटं सांगायचा. त्यात आणखी एक गोष्ट होती. तो शब्द काकूंच्या तोंडून निघतच नव्हता. 'आमचे हे असं असं म्हणतात' हे सांगायला तो उच्चारावा लागला असता, आणि ज्या माणसाने मांजरीला अहो म्हटलं त्याच्याबद्दल परक्या बाईला असलं काही सांगणं त्यांना त्याला उघडं पाडण्यासारखं वाटलं. आतून काकांनी हे ऐकलं आणि त्यांना वाटलं, आपल्या वतीने शब्द दिला गेलाय. तो पाळायचा.

त्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटून घेतलं. मूग गिळून बसणं म्हणतात ते बसणाऱ्याच्या मर्जीवर असतं. इथे दर घडीला झुंज होती. सकाळी ताई "काय काका, झोप लागली का?" म्हणत आत यायच्या, आणि काकांचं उत्तर जिभेच्या टोकापर्यंत येऊन ठेपायचं. ते ओठ आवळून धरायचे. मग बोलण्याचं काम त्यांनी बाकीच्या अंगाला लावलं. ताई आल्या की ते पलंगावर इंचभर सरकायचे, त्यांना टेकायला जागा व्हावी म्हणून. स्वतःचा चहा आला तरी ताईंचा कप येईपर्यंत घोट घ्यायचे नाहीत. बिस्किटांची बशी डाव्या हाताने त्यांच्याकडे ढकलायचे. उचलताना वजन कमी लागावं म्हणून चांगला पाय आधीच रेटून धरायचे. अंग पुसताना भिंतीकडे तोंड करायचे. आपल्या लाजेपेक्षा त्यांना संकोच नको म्हणून.

सगळ्यात जड जायचं ते बुटांचं. चालायच्या सरावासाठी रोज बूट घालावे लागत. ताई खाली बसायच्या, त्यांचा निर्जीव पाय मांडीवर घ्यायच्या आणि बूट चढवायच्या. काकांच्या पायाशी आजवर कुणी बसलं नव्हतं. 'राहू द्या, मी घालतो' हे दोन-चार शब्द छातीत घेऊन ते बसून राहायचे. ताई नाडी बांधायच्या ती सैल बांधायच्या. काकांना दिसायचं, पण त्यांनी ती कधी हाताने घट्ट केली नाही. ताईंना वाईट वाटलं असतं.

ताई बोलक्या होत्या आणि हुशार होत्या. "काका, तुम्ही बोलत नाही हेच झकास," त्या म्हणायच्या. "याच्या आधीच्या घरी एक आजोबा होते, झोपेतसुद्धा हुकूम सोडायचे. माझे कान किटले होते." काकू स्वयंपाकघरातून हसायच्या. मुलाचा फोन आला की सांगायच्या, "छान चाललंय रे. अगदी घरच्यासारखी आहे." आणि खरंच छान चाललं होतं. काका काठीच्या आधाराने खिडकीपर्यंत जाऊ लागले. काकूंच्या कंबरेला उसंत मिळाली. एकदा तर त्या दुपारी गाढ झोपल्या, आणि कितीतरी महिन्यांनी काकांनी त्यांचं घोरणं ऐकलं. संस्थेचं नाव घरात निघेनासं झालं.

मग तो दिवस आला. ताई आल्या त्याच मुळी गप्प. काका सरकले, तरी बसल्या नाहीत. अंग पुसलं, औषध दिलं, बूट आणले. खाली बसून डाव्या पायात बूट चढवला, नाडी बांधली, उजवा पाय मांडीवर घेतला आणि तशाच थांबल्या.

"काका, तुम्हाला म्हणून सांगते," त्या पायाकडे बघत म्हणाल्या. "माझ्या लेकीचं लग्न ठरलंय. चांगलं स्थळ आहे. काल मला म्हणाली, आई, त्यांच्याकडे तू काय काम करतेस ते सांगू नकोस. मी विचारलं, मग काय सांगू? म्हणाली, घरीच असते असं सांग. लोकांचं हगणं-मुतणं काढते हे कळलं तर माझी काय किंमत राहील?" त्यांनी मनगटाने नाक पुसलं. "याच हातांनी तिला शिकवलं हो. याच कामावर. मी काही बोलले नाही. बरं म्हटलं. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्हीच सांगा काका, एवढं घाण काम आहे का माझं?"

आणि त्या रडायला लागल्या. काकांचा पाय मांडीवर, बूट हातात, आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून तोंड पदरात.

अहोकाकांनी आयुष्यात कधी समोर रडणाऱ्या माणसाला शब्दावाचून राहू दिलं नव्हतं. दुकानात एकदा एक अनोळखी बाई मेलेल्या नवऱ्याची चप्पल दुरुस्तीला घेऊन आल्या आणि रडल्या, तेव्हा मालक बघत असताना ते त्यांच्याशेजारी बाकावर बसून राहिले होते. आता त्यांनी डावा हात पुढे केला. तो ताईंच्या डोक्यापर्यंत पोचेना. ताईंची मान खाली होती, त्यांना तो दिसलाही नाही. काकांनी ओठ आवळले. शब्द काय येणार ते त्यांना माहीत होतं. पण विचारलं होतं ना त्यांनी? 'तुम्हीच सांगा' म्हणाल्या होत्या. विचारणाऱ्याला उत्तर न देणं म्हणजे 'हो, घाणच आहे' म्हणण्यासारखं. त्यांनी मनात वाक्य जुळवलं, एकेक शब्द घासून पुसून जागेवर लावला: अहो ताई, तुमच्या हातांना तोड नाही. आज येईल, त्यांना वाटलं. एवढ्या मनापासून म्हटल्यावर येईलच.

"हरामखोर," काका म्हणाले.

ताईंचं रडणं थांबलं. त्यांनी वर पाहिलं, आधी इकडेतिकडे, आणखी कुणी आलंय का म्हणून. मग काकांकडे.

"म्हणजे बोलता येतं तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी जोरजोरात मान हलवली, हात हलवला, आणि माफी मागायला गेले. आता मात्र बांध फुटला. इतके दिवस अडवलेलं सगळं एकदम आलं, विनवणीच्या सुरात, रडव्या सुरात, अजिजीने: हरामखोर, हरामखोर, हरामखोर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून ते.

काकू हातातलं टाकून धावत आल्या. "अहो ताई, थांबा, तसं नाही! आजार आहे तो. मेंदूचा. त्यांना म्हणायचं वेगळंच असतं, तेवढा एकच शब्द उरलाय हो त्यांच्याकडे. डॉक्टरांना विचारा हवं तर."

"तुम्ही तर म्हणालात, मुळीच बोलता येत नाही."

"म्हणाले मी. खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का?"

ताईंनी थोडा विचार केला. "आले असते," त्या म्हणाल्या. "काकू, डोकं फिरलेल्या माणसांनी माझे केस उपटलेत. आजाराचं मी मनावर घेत नाही. पण मला आधी कळायला हवं होतं. आता तुम्ही आजार म्हणता, आधी मुके म्हणत होता. मी यातलं काय खरं धरू? आणि आजच, हे ऐकल्यावरच, कसं निघालं ते तोंडातून?"

ताईंनी राहिलेला बूट काकांच्या पायात चढवला. नाडी बांधली, या वेळी घट्ट. हात धुतले, आपली पिशवी घेतली, आणि दार ओढून घेताना आवाज होऊ दिला नाही. चांगल्या वळणाची बाई ती. आदळआपट करून गेली असती तर काकूंना निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

काकूंनी नंतर फोन केला. ताई सौम्यपणे बोलल्या, काकांची चौकशीही केली. पण दुसरीकडे काम धरलंय म्हणाल्या. मदतनीस पुरवणाऱ्यांनी सांगितलं, तुमच्याकडे यायला कुणी तयार नाही. मुलगा आला. तो रागावला नाही, आईला बोल लावला नाही, काही नाही. टेबलाशी बसून त्याने संस्थेला फोन लावला आणि खोली कधी मिळेल ते विचारलं.

पुढचे दिवस काकू एकच घोकत राहिल्या. भात परतताना, कपडे घडी करताना, काकांना चमच्याने भरवताना. "माझ्यामुळे झालं. मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. माझी जीभ का नाही वळली?" काका ऐकायचे. त्यांनी तोंड पुन्हा मिटलं होतं, आता बायकोसमोरही. शब्दाने काय होतं ते पाहून झालं होतं. चमचा आला की उघडायचं, गेला की मिटायचं. त्यांना वाटायचं, शिवीपेक्षा गप्प बसणं बरं. काकूंना काय वाटत होतं ते त्यांना उशिरा कळलं.

गाडी आली तेव्हा ऊन चढलं होतं. मुलाने आणि चालकाने काकांना मागच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी लावली, पिशवी पायाशी ठेवली. काकू बरोबर जाणार नव्हत्या. पहिले काही दिवस घरच्यांनी येऊ नये, माणूस लवकर रुळतो, असं संस्थेचं म्हणणं होतं. त्या गाडीच्या खिडकीशी वाकून उभ्या राहिल्या, अर्ध्या उघड्या काचेवर हात ठेवून.

"अहो," त्या म्हणाल्या, "इतके दिवस माझ्याशी तोंडसुद्धा उघडलं नाहीत. का ते मला कळतंय. रागावलात ना माझ्यावर?"

काका चरकले. म्हणजे हे असं पोचत होतं तर. त्यांनी मान हलवली, नाही, नाही. पण काकूंचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांना मान कुठली दिसायला? मुलगा पुढे बसला होता. चालकाने गाडी सुरू केली. गप्प राहिलं तर राग घेऊन गेला म्हणून ही आयुष्यभर झुरणार. बोलावं तर घर सोडताना बायकोला शिवी द्यायची. त्यांनी कधी तिला अगं म्हटलं नव्हतं.

त्यांनी तोंड उघडलं. तुमची काही चूक नव्हती, असं त्यांना म्हणायचं होतं. तुम्ही मला जपायला गेलात, एवढंच झालं.

"हरामखोर," ते म्हणाले. त्यांना जमेल तितक्या हळू, जमेल तितक्या मायेने.

चालकाने आरशातून मागे पाहिलं. मुलाने डोळे मिटून घेतले. काकूंचा चेहरा मात्र उजळला. "हो, हो," त्या घाईघाईने म्हणाल्या, "गॅस बंद करून मगच झोपेन. दार आतून लावीन. कंबरेला शेकही घेईन, विसरत नाही. तुम्ही माझी काळजी करू नका. आणि तिथे लाजत बसू नका, हवं-नको ते सांगत चला." मग त्यांनी डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं. "हेच म्हणत होतात ना?"

हे म्हणत नव्हते ते. गॅसचं नाही, दाराचं नाही, कंबरेचंही नाही. चूक नव्हती, हे राहिलंच होतं. पुन्हा म्हणावं तर पुन्हा तेच बाहेर येणार आणि ती पुन्हा कुठल्या तरी कुलपाचं, दुधाचं उत्तर देणार. ती वाट बघत होती, आपण बरोबर ओळखलं का म्हणून. समोरच्याचं बोलणं खोडून काढायचं त्यांच्या कधी स्वभावात नव्हतं.

अहोकाकांनी मान डोलावली, हेच म्हणत होतो म्हणून. काकूंनी काचेवरचा हात काढून घेतला आणि गाडी निघाली.